चौकोनी कंसातलं साल

पर्यावरण खात्यातल्या उपसचिव बाईंनी ओझोनच्या वाटाघाटींचं टिपण अकराव्यांदा टाइप करायला दिलं, तेव्हा टंकलेखिकेने मान वर न करता विचारलं, "साल कोणतं घालू?"

"जागा मोकळी सोडा."

"मागच्या वेळीही मोकळीच सोडली होती."

"मग सवय झाली असेल," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

मूळ गोष्ट साधी होती. फ्रीजमध्ये, गारव्याच्या यंत्रांत, फवाऱ्याच्या डब्यांत जो वायू भरतात, तो गळून वर जातो आणि उन्हातला जहाल भाग अडवणारा ओझोनचा थर कुरतडतो. हा वायू बनवणं कधी थांबवायचं, ते साल सगळ्या देशांनी एकत्र बसून ठरवायचं होतं. पर्यावरण खात्याला अलीकडचं, लवकर येणारं साल हवं होतं. उद्योग खात्याला त्याच्या दहा वर्षं पुढचं. परराष्ट्र खात्याला कुठलंच नको होतं. त्यांना शेवटपर्यंत गप्प राहायचं होतं, म्हणजे आपला होकार दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी खर्ची घालता आला असता. तीन खाती एकाच इमारतीत होती, एकाच उपाहारगृहात चहा पीत होती, आणि पाच महिने बैठकांबाहेर एकमेकांना फक्त लेखी कळवत होती.

त्यातले पहिले दोन महिने तर फाइल कोणाची यातच गेले. पर्यावरण म्हणायचं थर आमचा, उद्योग म्हणायचं वायू आमचा. मग शिष्टमंडळाचं नेतृत्व कोणी करायचं यावर महिनाभर घोडं अडलं. शेवटी दोघांनाही नको म्हणून परराष्ट्र खात्याच्या एका राजदूतांना नेमलं. त्यांना निवृत्त व्हायला आठ महिने उरले होते आणि ते आठ महिने कोणाच्याही डोळ्यांवर न येता काढायचे, एवढंच त्यांचं धोरण होतं.

खरी झुंज होती ती उद्योग खात्याच्या सहसचिवांशी. वाटाघाटींच्या मसुद्यात जे ठरलेलं नसतं ते चौकोनी कंसात घालायची पद्धत असते. या गृहस्थांना जे पटायचं नाही ते सगळं ते तांबड्या पेन्सिलीने कंसात घालायचे, आणि त्यांना सहसा काहीच पटायचं नाही. सगळं सचिवालय त्यांना पाठीमागे कंसराव म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा लिफ्टमध्ये कोणीतरी चुकून तोंडावरच म्हणालं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

सहाव्या बैठकीत मंडळी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचली.

"'थांबवील' नको," कंसराव म्हणाले. "'थांबवण्याचा प्रयत्न करील' करा."

"प्रयत्न मोजायचा कसा?" बाईंनी विचारलं.

"तेच तर."

टेबलाभोवती हसू फुटलं. बाईही हसल्या, कारण रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. मग त्यांनी कागद पुढे सरकवला आणि कंसरावांनी त्या शब्दाभोवती दोन नीटनेटके कंस काढले.

बाईंचं वय चोपन्न. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं शिक्षण यांनीच केलं. तो फार शिकला नाही, पण हातात कसब होतं. फ्रीज दुरुस्तीचं दुकान त्याने घराच्याच खालच्या मजल्यावर थाटलं होतं. बाई वरच्या मजल्यावर राहायच्या.

त्या रविवारी दुपारी बाई खाली उतरल्या तर भाऊ एका जुन्या फ्रीजच्या पाठीमागे उकिडवा बसला होता. त्याने नळीचं टोक मोकळं केलं आणि सूं करून वायू बाहेर आला. दोन मिनिटांत संपलासुद्धा.

"गेला बघ ताई, तुझ्या ओझोनकडे," तो म्हणाला.

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम कशाला? जुना काढल्याशिवाय नवा भरता येत नाही. असंच करतात सगळे. वीस वर्षं तू माझ्या डोक्यावर राहतेस, आणि तुला आज कळतंय?"

बाईंना ते लागलं, कारण खरं होतं. वायूचे जगभरचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. पायाखाली काय चालतं ते त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"रेडिओवर सांगत होते, हा वायू बंद होणार," भाऊ हात पुसत म्हणाला. "नवा आला की माझ्या नळ्या, माझं मीटर, माझा पंप, सगळं भंगारात. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पाटी-पेन्सिल घेऊन कुठं जाऊ? का तुझ्या ऑफिसात पाणी वाटायला येऊ?"

"अहो, काय बोलता," म्हणत भावजय चहा घेऊन आली. ती बाईंकडे वळली. "वन्सं, तुम्हीच सांगा ना त्यांना. लहान दुकानदारांचं काहीतरी बघा म्हणावं. तुम्ही सरकार आहात."

"मी कसली सरकार? मी टिपण लिहिते."

"मग टिपणात लिहा."

बाईंनी चहाचा कप तोंडाला लावला, म्हणजे उत्तर द्यावं लागू नये. अकरा मसुद्यांत कारखाने होते, टनांचे आकडे होते, थराची जाडी होती. नळी धरून बसणाऱ्या माणसाबद्दल एक ओळही नव्हती. उद्योग खात्याने लिहिली नव्हती, आणि त्यांनीही लिहिली नव्हती.

शिष्टमंडळ निघायच्या आदल्या दिवसापर्यंत सरकारचं म्हणणं काय, हे सरकारलाच ठरवता आलं नाही. बाईंच्या सचिवांनी त्यांना बोलावलं.

"तुम्ही निघा. सूचना मागाहून येतील."

"कोणाच्या?"

"सरकारच्या."

"म्हणजे नक्की कोणाच्या, साहेब?"

सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं. "विमान चुकवू नका," ते म्हणाले.

वाटाघाटींचं सभागृह प्रचंड होतं, छत उंच आणि उजेड पांढराफटक. प्रत्येक देशासमोर नावाची पाटी होती. बोलायचं असेल तर ती पाटी उभी करून ठेवायची. पाटीमागे दोन खुर्च्या. एक राजदूतांची. दुसरीवर पहिल्याच सकाळी बाई आणि कंसराव दोघांनी एकदम हात ठेवला.

"सकाळी बाई, दुपारी हे," राजदूतांनी हळूच निकाल दिला.

त्यामुळे त्यांचा देश जेवणाआधी अलीकडच्या सालाच्या बाजूने बोलायचा आणि जेवणानंतर त्याच्या विरोधात. दोन दिवस लोकांनी ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरचे एक वयस्क शास्त्रज्ञ बाईंकडे वाकून अगदी अदबीने म्हणाले, "तुमच्या देशाचं खरं मत सकाळचं समजायचं की दुपारचं? मला टिपून घ्यायचंय."

बाईंनी मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना बरेचदा राग आला होता. लाज वाटायची वेळ मात्र फार क्वचित आली होती.

गुरुवारी दुपारी बाई तळघरातल्या उपाहारगृहात एकट्याच बसल्या होत्या. सूप गार झालं होतं. कंसराव ट्रे घेऊन समोर उभे राहिले.

"बसू का? दुसरीकडे जागा नाही."

जागा भरपूर होती. बाईंनी आपली फाइल उचलून मांडीवर घेतली.

ते पावाचे तुकडे करू लागले. मग म्हणाले, "तो वायू बनवणारा मोठा कारखाना आहे ना आपला, त्या गावात मी नोकरीच्या सुरुवातीला होतो. जमिनी मीच घेतल्या लोकांच्या. एका स्टुलावर उभा राहून सांगितलं होतं, घरटी एकाला काम मिळेल. मिळालं. चौदाशे माणसं आहेत आज तिथे. उद्या बंद झाला तर त्या गावात दुसरं काही नाही. साधं दुकानसुद्धा चालायचं नाही."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत. पाच महिन्यांत एकदाही नाही."

"टिपणात स्टूल कुठे बसवणार?"

"आणि तुमचे मंत्री? त्यांना या चौदाशेंचं काही…"

"त्यांना बंगला हवा होता," कंसराव म्हणाले. "तळ्याकाठचा, मोठ्या बागेचा. तो तुमच्या मंत्र्यांना मिळाला. तेव्हापासून तुमचे मंत्री ज्याला हो म्हणतील त्याला यांचं नाही. तुमच्या मंत्र्यांनी दहा वर्षं मागितली असती, तर आमच्यांनी उद्याच बंद करा म्हटलं असतं."

बाईंना आधी कळेचना. मग हसू आलं, आणि आलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन-तीन टेबलांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. कंसरावांनी कागदी रुमाल पुढे केला.

"म्हणजे पाच महिने आपण दोघं एका बंगल्यासाठी भांडत होतो?"

"मी चौदाशे घरांसाठी. तुमचं तुम्हाला माहीत."

बाईंनी डोळे पुसले. "माझ्याकडे दर वर्षी थराची मापं येतात," त्या म्हणाल्या. "आकडा दर वर्षी उतरलेला असतो. मी तो टिपणात लिहिते, टिपण वर जातं, परत येतं, आणि तोवर पुढचा आकडा आलेला असतो. बस, एवढंच. कुणीतरी एकदा थांबवावं असं वाटतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या घराखाली. त्याच्यासारख्यांबद्दल मीही कुठे काही लिहिलेलं नाही."

कंसरावांनी ट्रे बाजूला सारला, खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेची कोरी बाजू वर केली. "सांगा," ते म्हणाले.

तासभर ते दोघं एका कलमावर बसले. अलीकडचं साल मान्य. पण बंद होणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना आणि दुरुस्तीच्या लहान दुकानांना नवं काम शिकवायचं, त्यांची अवजारं बदलून द्यायची, आणि ही जबाबदारी सगळ्या देशांनी मिळून उचलायची. शब्दाशब्दावर वाद झाला. 'दुकानं' म्हणायचं की 'व्यावसायिक', 'उचलावी' की 'उचलतील'. पण हा वाद निराळा होता. खूप महिन्यांनी बाईंना आपण काम करतोय असं वाटलं.

शुक्रवार शेवटचा दिवस. दुभाषे संध्याकाळी सहाला उठणार होते आणि त्यांच्यानंतर कोणाचंच कोणाला कळणार नव्हतं. सकाळी अकराला मायदेशातून एक फॅक्स आला: अलीकडचं साल स्वीकारावं. अकरा वीसला दुसरा आला: ते साल मांडलं गेल्यास तीव्र विरोध नोंदवावा. दोन्हींच्या खाली 'शासनाच्या आदेशावरून' लिहिलेलं होतं.

राजदूतांनी दोन्ही कागद वाचले, एकावर एक ठेवून घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातले.

"मला पोटात जरा बरं वाटत नाहीये," ते म्हणाले. "मी हॉटेलवर जातो. तुम्ही दोघं समजूतदार आहात."

जेवणानंतर दोन्ही खुर्च्यांवर बाई आणि कंसराव बसले. साडेतीन वाजता अध्यक्षांनी सालाचं कलम चर्चेला घेतलं. कंसराव उठले.

"मी चहा घेऊन येतो."

"आत्ता? बसा ना. कलम तुमचंही आहे."

"आहे. म्हणूनच जातोय. इथे बसलो तर मला विरोध करावाच लागेल, तसा कागद आहे. नसलो, तर अहवालात नव्हतो असं लिहिता येईल."

"आणि माझ्याबद्दल काय लिहाल?"

ते घुटमळले. "खरं असेल तेच लिहावं लागेल, बाई."

ते मधल्या वाटेने निघून गेले. त्यांची पाठ जराशी वाकलेली होती. बाईंनी एवढ्या वर्षांत कधी पाहिलीच नव्हती ती. त्या समोर बसायच्या ना नेहमी.

बाईंनी कलमाचा कागद समोर ओढला. गप्प बसलं तर कोणीच काही म्हणणार नव्हतं. साल ठरलं असतं किंवा नसतं ठरलं, आणि त्या सोमवारी आपल्या टेबलावर बाराव्या टिपणाला लागल्या असत्या. पण मग ते कलम कार्यक्रमपत्रिकेच्या मागेच राहिलं असतं. त्यांनी पाटी उभी केली. पाटी एकदा पडली. त्यांनी ती पुन्हा उभी केली.

समोरच्या माइकचा लाल दिवा लागला तसं त्यांनी कलम वाचलं. वाचताना आवाज आपला वाटत नव्हता. वाचून झालं आणि सभागृहात काही क्षण नुसती कागदांची सळसळ झाली. मग पाठिंब्याची एक पाटी उभी राहिली, शेजारच्या बाकावरची. पाठोपाठ आणखी सात-आठ. एका मोठ्या देशाने 'अवजारं' हा शब्द कंसात घालायची मागणी केली. अध्यक्षांनी वीस मिनिटं कामकाज थांबवलं. बाई त्या देशाच्या लोकांबरोबर खांबाशेजारी उभ्या राहून भांडल्या. अवजार नसलेल्या माणसाला शिकवून काय उपयोग, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. सहाला वीस मिनिटं असताना शब्द कंसाबाहेर आला. कलम मंजूर झालं. टाळ्या वाजल्या. मागच्या दाराशी कंसराव उभे होते. हातातल्या कपातला चहा त्यांनी प्यायलेला दिसत नव्हता.

परतल्यावर दहा दिवसांनी बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. कोणाच्या आदेशाने बोललात? सोबत सहसचिवांच्या अहवालाची प्रत जोडली होती: 'माझ्या अनुपस्थितीत व कोणतीही सुस्पष्ट सूचना नसताना उपसचिवांनी देशाच्या वतीने निवेदन केले.' बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यात खोटं काही सापडेना. राजदूतांनी आजारपणाचं प्रमाणपत्र लावून कानांवर हात ठेवले होते. सचिवांनी बाईंना बोलावून खाली बघत सांगितलं की थोडे दिवस जुन्या अभिलेखांच्या विभागात जा, तिथे शांतता आहे.

शांतता खरंच होती. लोखंडी कपाटं, धुळीने शिंका, आणि कोणत्या फाइली ठेवायच्या आणि कोणत्या नष्ट करायच्या याच्या याद्या. दरम्यान परदेशी वर्तमानपत्रांनी त्या कलमाचं कौतुक केलं, तसे दोन्ही मंत्री एकाच व्यासपीठावर येऊन 'आम्ही हे घडवून आणलं' म्हणाले. पुढे खातेबदल झाला आणि बंगला तिसऱ्याच मंत्र्यांना मिळाला.

वर्षभराने दुरुस्तीवाल्यांचे वर्ग सुरू झाले. भाऊ पहिल्या दिवशी कुरकुरत गेला. तीन आठवड्यांनी तो जुना वायू शोषून टाकीत भरून घेणारं यंत्र घेऊन आला. "दोन मिनिटांचं काम होतं, आता पाऊण तास लागतो," असं त्याने जिन्यात भेटतील तितक्यांना सांगितलं. पण पाऊण तास लावायचा. बाईंना तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही. भावजय एकदा म्हणाली, "वन्सं, लिहिलंत ना तुम्ही टिपणात?" बाई म्हणाल्या, "थोडंसं."

दोन वर्षं झाली आणि एका सकाळी कंसराव अभिलेख विभागात आले. जरा बारीक झाले होते. कपाटांमधून वाट काढत ते बाईंच्या टेबलापाशी आले आणि न विचारता स्टुलावर बसले.

"कारखाना बदलला," ते म्हणाले. "नवा वायू बनवतात तिथे. नऊशे लोक राहिले. पाचशेंचं काही जमलं नाही. मी जाऊन आलो. एकाने मला ओळखलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याने पाणी दिलं प्यायला."

बाईंनी समोरची यादी मिटून बाजूला ठेवली.

"मी लिहिलं होतं ते खरं होतं," कंसराव म्हणाले.

"हो. खरंच होतं."

"अजून राग आहे?"

बाईंनी विचार केला. "नाही हो. दमलेय फक्त. तुम्ही नाही दमलात?"

"मला झोपच लागत नाही नीट," ते म्हणाले, आणि मग ज्या कामाला आले होते ते सांगितलं. करारातल्या उरलेल्या वायूंसाठी पुढची फेरी तीन महिन्यांवर आली होती. ज्याला फाइल वाचून कळेल असा माणूस दोन्ही खात्यांत उरला नव्हता. सचिव विचारत होते, बाई जातील का.

"माझी एकच अट आहे," बाई म्हणाल्या. "दोन फॅक्स नकोत. एक कागद हवा. इथून निघायच्या आधी, आणि त्यावर दोन्ही सचिवांच्या सह्या. नाहीतर मी इथे बरी आहे."

"कठीण आहे."

"मला घाई नाही."

दोन महिने काही आलं नाही. कोणी सांगायचं, मजकुरावर अडलंय. कोणी म्हणायचं, मजकूर झालाय, सह्यांवर अडलंय. मग एक दिवस शिपाई लिफाफा देऊन गेला. कागद एकच होता. खाली कोणाची सही आधी हे ठरलं नसावं, कारण दोन्ही सह्या एकाच ओळीत दाटीवाटीने केलेल्या होत्या आणि एकाचं शेपूट दुसऱ्याच्या नावात घुसलेलं होतं. बरोबर कंसरावांची चिठ्ठी होती: 'या वेळी मी चहाला जाणार नाही.'

बाईंनी कागदाच्या तीन प्रती काढून घेतल्या. एक कपाटात कुलूपबंद केली, एक पर्समध्ये ठेवली आणि एक भावाकडे सांभाळायला द्यायची ठरवली. त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या. आनंद झाला का, हे त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांनी माळ्यावरून बॅग काढली, पुसली, दोन साड्या आणि गरम स्वेटर पलंगावर काढून ठेवला. मग जरा टेकावं म्हणून त्या त्या कपड्यांशेजारीच आडव्या झाल्या आणि भर दुपारी, खिडकी उघडी, चष्मा तसाच डोळ्यांवर, त्यांना गाढ झोप लागली.